घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे

एकांनी लिहिलंय की घरपट्टीत सूट चालू आहे तोवर घर घ्या आणि पट्टी भरून टाका म्हणजे घर आपल्या नावावर झालं, त्यावर थोडं. सूट खरी आहे, कर्नाटकात एप्रिलमध्ये वर्षाची पट्टी एकदम भरली की 5 टक्के कमी होतात आणि काही वर्षी मुदत वाढवूनही देतात, त्यामुळे जरूर भरा. पण पावतीवर नाव आलं म्हणून मालकी येत नाही हो. आपल्याकडे बेळगावात अनगोळ, कंग्राळीकडे गुंठ्याचे प्लॉट अजून बॉन्डवर, म्हणजे नुसतं स्टॅम्प पेपरवर लिहून विकतात, रजिस्ट्री नाही, एनए (जमीन बिगरशेती केल्याचा आदेश) नाही, बुडाचं (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचं) अप्रूव्हल नाही, आणि हातात फक्त ती पावती. बी-खाता, म्हणजे अनियमित मिळकतीची पट्टी घेण्यासाठी ठेवलेली नोंद, झाला तरी लेआउट कायदेशीर होत नाही, हे नीट लक्षात ठेवा. आधी सब-रजिस्ट्रारकडून ईसी (मिळकतीवरचे नोंदवलेले व्यवहार आणि बोजा दाखवणारा दाखला) काढा, कागद कन्नडमध्ये असतात तर वाचणाऱ्या कुणाकडून ओळ न ओळ वाचून घ्या, सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा जुळतात का बघा. रेराखाली (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याखाली) येणारा फ्लॅट असेल तर रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत, आणि ताबा वेळेवर दिला नाही तर व्याजासकट पैसे परत मागता येतात, तक्रार ऑनलाइन होते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा कोर्टातल्या कायदा सेवा प्राधिकरणाकडे जा, बायकांना आणि एससी-एसटींना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो. टोकन द्यायच्या आधी जा, नंतर नाही.