सोळाव्या वर्षी मरणारा मजूर

भागाकार:
कालच्या धाग्यावर नानबांनी लिहिलंय, 'व्हिक्टोरिया राणीच्या लंडनमध्ये, बेथनल ग्रीनला मजूर सोळाव्या वर्षी मरायचा.' खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. अहो, सोळाव्या वर्षी मरायचा तर पोरं कधी व्हायची?
आकडा एडविन चॅडविक या सुधारकाच्या, मजुरांच्या वस्त्यांतल्या स्वच्छतेवरच्या १८४२च्या अहवालातला. बेथनल ग्रीनला सधन-पेशेवाल्यांच्या घरात मरणाऱ्यांचं सरासरी वय ४५, व्यापाऱ्यांकडे २६, मजूर-नोकरांकडे १६. यात तान्ही पोरंही धरलीत. दोन लेकरं वर्षाची होऊन गेली, बाप शेहेचाळिसाव्या वर्षी गेला. १+१+४६, भागिले ३. आले सोळा! शिवाय जिथे जन्म जास्त तिथे लहान मुलं जास्त, म्हणजे सरासरी आपोआप खाली. नीसन नावाच्या विमागणितीने १८४४ मध्येच चॅडविकला हे सुनावलं होतं.

नानबा:
होय, पोस्ट माझीच. दोन लेकरं गेली हे तुम्हाला किरकोळ वाटतं का? त्याच अहवालात मँचेस्टरचा मजूर १७ आणि रटलंड या खेडवळ परगण्यातला मजूर ३८. मँचेस्टरचे पांढरपेशेसुद्धा ३८च! भागाकार चुकला म्हणून गटाराचं अत्तर होत नाही.

भागाकार:
चुकलेल्याच मापाने परत मोजताय. फरक नव्हता असं मी म्हटलंय कुठे? पुरावा हवा तर कॉलरा पाण्यातून पसरतो म्हणणाऱ्या लंडनच्या डॉक्टर जॉन स्नोचा घ्या. दक्षिण लंडनमध्ये एकाच गल्लीत दोन कंपन्यांचं पाणी यायचं. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये पाणी उचलायची जागा थेम्सच्या वरच्या अंगाला नेली, साउथवर्क-व्हॉक्सहॉल बॅटरसीलाच मैला मिसळलेलं पाणी उपसत राहिली. १८५४च्या कॉलऱ्यात पहिल्या सात आठवड्यांत दर दहा हजार घरांमागे मृत्यू किती? लॅम्बेथकडे ३७, दुसरीकडे ३१५. गल्ली तीच, हवा तीच, फरक फक्त पाण्याचा.

माजघर:
पण मुळात मृत्यूची कारणं तरी खरी होती का? तेव्हाच्या नोंदींत बाळ कशाने गेलं तर 'दात येणे'! टायफस आणि टायफॉईड हे दोन वेगळे रोग १८६९ पर्यंत एकाच खात्यात. आणि आजही वेगळं काय आहे? माझी आजी क्षयाने गेली. दाखल्यावर 'वृद्धापकाळ'. वय ५४! दोन आत्यांची लग्नं व्हायची होती म्हणून आजोबांनी डॉक्टरला गळ घातली आणि त्याने लिहून दिलं.

स्टेथो५६:
म्हणजे शेवटी डॉक्टरच चोर. रात्री अडीचला बोलावतात, पेशंट कधी पाहिलेला नसतो, खाली शववाहिनी उभी, 'साहेब, काहीतरी लिहा पटकन.' नाही म्हटलं तर पोस्टमॉर्टेम, मग शिव्या कोणाला?

माजघर:
माहीत नसेल तर लिहू नका. एवढं सोपं आहे.

स्टेथो५६:
सोपं? एक रात्र माझ्या जागी बसा. विलायतेतही उपचार करणाऱ्या डॉक्टरने कारणाचा दाखला द्यायची सक्ती १८७४च्या कायद्यापासूनची. त्याआधी दाखला नसला तर घरचे सांगतील ते कारण. तुमच्या आजोबांना ते राज्य आवडलं असतं.

माजघर:
आजोबांवर जायचं काम नाही!!

फोडणी:
बेथनल ग्रीनहून निघालेला धागा वैकुंठात पोचला. चहा कोणाकोणाला?

नानबा:
मला नको. भागाकार, तुमचं समाधान होणार असेल तर 'सोळाव्या वर्षी मरायचा' मागे घेतो. पोस्ट अशी बदलतो: 'बेथनल ग्रीनचा मजूर सोळाव्या वर्षी मरत नसे, त्याआधी त्याची लेकरं मरत.' चालेल ना? की यालाही तीनाने भागायचंय?

भागाकार:
चालेल. 'सगळी नव्हे' एवढं कंसात घाला.

स्टेथो५६:
माजघर, आजोबांबद्दलचं वाक्य मागे घेतो. दाखल्याबद्दलचं नाही.

माजघर:
व्यक्तिगत निरोप केलाय. तिथे बोलू.