‘सिरॅमिक सबस्ट्रेट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक मंडलांवरचा (सर्किटांवरचा) एक मजकूर तपासतोय. त्यात ‘सबस्ट्रेट’ म्हणजे ज्या सपाट तुकड्यावर मंडल उभारतात तो. ‘अ‍ॅल्युमिना सबस्ट्रेट’साठी लेखकाने ‘चिनीमातीचा अधःस्तर’ लिहिलंय. खटकतंय. दुसरं काही सुचतंय का?

उत्तर : ‘चिनीमाती’ आधी काढा, डोळ्यांसमोर कपबशी येते. हा पदार्थ म्हणजे मुख्यतः अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. जाड थराच्या मंडलांसाठी ९६ टक्के शुद्ध, पातळ थरासाठी ९९.६ टक्के. ‘सिरॅमिक’ रुळलेला शब्द आहे, तोच असू द्या.

दुसरं उत्तर : माझी तक्रार ‘अधः’बद्दल आहे. एलटीसीसी (कमी तापमानात एकत्र भाजलेलं सिरॅमिक) प्रकारात सिरॅमिकच्या कच्च्या पट्ट्यांवर चांदीच्या लेपाने वाहक रेषा छापतात, पट्ट्या एकावर एक रचतात आणि सगळं एकत्रच सुमारे ८५० अंश सेल्सिअसला भाजतात. चांदी ९६२ अंशांना वितळते, त्यामुळे भट्टी त्याच्या खालीच ठेवावी लागते. एवढ्या कमी तापमानात पट्टी घट्ट व्हावी म्हणून तिच्यात काच मिसळलेली असते. निम्मं मंडल पट्टीच्या पोटातच गेलं, मग ते ‘खालचा स्तर’ कसलं?

(या पट्टीच्या ‘ग्रीन शीट’चा ‘हिरवा पत्रा’ करू नका म्हणजे झालं. ग्रीन म्हणजे न भाजलेली, कच्च्या मडक्यातलं ‘कच्चं’.)

प्रश्नकर्ता : मग नुसतं ‘आधार’?

उत्तर : फार मोघम. शिवाय नुसतं धरून ठेवणं एवढंच त्याचं काम नाही. वीज अडवायची आणि उष्णता मात्र वाहून न्यायची, हे दोन्ही लागतं. नेहमीच्या काच-इपॉक्सी बोर्डाची उष्णतावाहकता जेमतेम ०.३ वॅट प्रति मीटर केल्विन, अ‍ॅल्युमिनाची २५च्या आसपास, अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडची १७०च्या घरात. बेरिलियम ऑक्साइड त्याहून सरस, पण त्याची धूळ फुप्फुसांना घातक.

तिसरं उत्तर : एवढं सगळं एका शब्दाने कशाला सांगायला हवं? ‘आधारपाटी’ म्हणा. सपाट, कडक, आणि तिच्यावर काहीतरी उमटवायचं असतं. आयबीएमने १९६४च्या सिस्टीम/३६० साठी अर्ध्या इंचाच्या सिरॅमिक चौकोनांवर वाहक रेषा आणि रोध (रेझिस्टर) छापलेच होते की!

प्रश्नकर्ता : आवडला. सिलिकॉन वेफरच्या (चिप ज्यावर घडवतात त्या चकतीच्या) ‘सबस्ट्रेट’लाही हाच चालेल?

उत्तर : नको. तिथे ट्रान्झिस्टर त्या सिलिकॉनमध्येच घडतो, वर छापला जात नाही. त्या प्रकरणात सरळ ‘सबस्ट्रेट’ ठेवा.