अडीच वर्षांच्या मुलाला कमरेचं प्लास्टर, एक्स-रेत हाड चढलेलं दिसतंय

ओमची आई, संगमनेर
ओम गेल्या मंगळवारी ओट्यावरून घसरला, पाय अंगाखाली मुडपला आणि मांडीचं हाड मोडलं. भूल देऊन छातीच्या खालपासून प्लास्टर घातलंय. मोडलेला पाय घोट्यापर्यंत, दुसरा गुडघ्याच्या वरपर्यंत, मध्ये आडवी काठी. एक्स-रेत हाडाची टोकं एकमेकांवर सेंटीमीटरभर चढलेली आहेत. डॉक्टर म्हणतात चालेल. सासरे म्हणतात, हाड बसवलंच नाही, हाडवैद्याकडे नेऊ. त्यात काल रात्री शू आत झिरपली. मला काही सुचत नाहीये.

चिऊची आई
ताई, माझी चिऊ तीन वर्षांची असताना सहा आठवडे यातच होती. आधी शूचं सांगते, कारण मी त्यावरूनच सगळ्यात जास्त रडले. नवजात बाळाचा छोटा डायपर प्लास्टरच्या आत सरकवा, कडा नीट खोचा आणि वरून मोठा डायपर बांधा. रात्रीसुद्धा दोन-अडीच तासांनी बदला. डोक्याकडची बाजू उशांनी उंच ठेवा, म्हणजे शू पाठीकडे जात नाही. ओलसर वाटलं तर ड्रायरची थंड हवा द्या, गरम नको. कडांना चिकटपट्टीचे तुकडे पाकळ्यांसारखे लावा, मांड्या सोलवटत नाहीत.

त्या काठीला धरून उचलू नका! आम्ही उचललं आणि जांघेपाशी प्लास्टरला चीर गेली, पोरीला परत भूल द्यावी लागली. खाजवायला सुई, पट्टी काही आत घालू नका. आत जखम झाली तर दिसतसुद्धा नाही. दर दोन-तीन तासांनी कूस बदला, चिऊ पोटावर झोपून चित्रं काढायची.

हाडांचा डॉक्टर, नाशिक
ताई, तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. या वयात मोडलेल्या हाडाकडे रक्तपुरवठा वाढतो आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत ते दुसऱ्या पायापेक्षा जास्त वाढतं, बऱ्याचदा सेंटीमीटरभर. म्हणून थोडं चढलेलं आम्ही तसंच ठेवतो. टोकाला टोक लावलं तर पुढे तोच पाय लांब होऊ शकतो. थोडा बाकही वाढीबरोबर सरळ होतो. हेच मूल सात-आठ वर्षांचं असतं तर बहुधा टायटॅनियमच्या लवचीक सळ्या घातल्या असत्या.

प्लास्टर काढून मालिश अजिबात नको, जुळत आलेलं हाड सरकेल. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांतले एक्स-रे चुकवू नका, सरकलं तर तेव्हाच दुरुस्त करता येतं. बोटं थंड, निळी किंवा पांढरी पडली, हलेनात, पोट फुगून उलट्या होऊ लागल्या, किंवा ताप आणि कुजका वास आला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

चिऊची आई
आणि प्लास्टर निघाल्यावर लंगडेल, घाबरू नका. चिऊ आधी रांगली, मग महिनाभर लंगडली.

ओमची आई, संगमनेर
छोट्या डायपरने रात्र कोरडी गेली. डॉक्टरांचं लिहिलेलं सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र जुन्या गोधडीचे दोन लोड शिवून घेऊन आले, ओमच्या दोन्ही बाजूंना लावायला.