जाळे, कोळिष्टक की जळमट?

अनुवादिका, कोथरूड: इंग्लंडमधील डॉर्सेटच्या लेडीबर्ड कोळ्यावरील लेखाचा अनुवाद करताना एका शब्दापाशी अडले आहे. हा कोळी ब्रिटनमधून नामशेष झाला असे मानले जात असताना १९८० मध्ये तो पुन्हा सापडला; १९९४ मध्ये तेथे अवघे ५६ कोळी मोजले गेले. मादी माळावरच्या वाळूसर जमिनीत रेशमाचे अस्तर असलेले बीळ करते, तोंडावर रेशमाचेच छत घालते आणि छताच्या कडांचे धागे भोवतालच्या काटक्यांना ताणते. त्या धाग्यांत भुंगेऱ्याचा पाय गुंतला की ती खालून झडप घालते. मी ‘कोळिष्टक’ लिहिले; संपादकांनी त्याचे ‘जाळे’ केले.

सदाशिवपेठकर: संपादकांचे बरोबर आहे. कोळिष्टक म्हणजे माळ्यावर धूळ खात लोंबते ते; दिवाळीआधी काठीला फडके बांधून आमची आजी कोळिष्टकेच काढत असे. नांदत्या घराला तो शब्द लावू नये.

मूळचा नगरचा, आता हडपसर: क्षमा करा, पण तुम्ही सांगता ते जळमट. आमच्याकडे कोळिष्टकात कोळी असतो, जळमटात नसतो. पुण्यातील वापर म्हणजेच प्रमाण मराठी, हे मला मान्य नाही.

संस्कृतचा निवृत्त शिक्षक: ‘ऊर्णनाभ’ या शब्दात ऊर्णा म्हणजे लोकर आहे, आणि या कोळ्याचा धागा खरोखरच लोकरीसारखा असतो. त्यावर चिकट थेंब नसतात. मागच्या पायांवरील केसांच्या फणीने पिंजलेल्या अतिसूक्ष्म तंतूंत भक्ष्य गुंतते. म्हणून मी ‘ऊर्णागृह’ सुचवतो.

सदाशिवपेठकर: गुरुजी, आदर राखून सांगतो, असा शब्द छापला तर वाचक कोशच शोधत बसेल. प्राकृतात ‘कोलिअ’ म्हणजे विणकरही आणि कोळीही. आपल्या ‘कोळी’त विणणे आधीच आले आहे.

अनुवादिका, कोथरूड: माझी अडचण ‘घर’ या अर्थाची आहे. मादी त्याच बिळात पिलांना भरवते, तेथेच मरते आणि पिले तिच्या देहावर पोसतात. ‘जाळे’ म्हटले की केवळ सापळा डोळ्यांसमोर येतो.

टेकडीवर फिरणारा: याच कुळातील, समूहाने राहणारे कोळी आपल्याकडे काटेरी झुडपांवर दिसतात. धागे, वाळकी पाने आणि खाल्लेल्या किड्यांची कवचे यांचा तो दाट गोळा असतो आणि त्याभोवती जाळ्याचे पडदे पसरलेले असतात. आम्ही गोळ्याला ‘घरटे’ आणि पडद्यांना ‘जाळे’ म्हणतो. येथेही दोन शब्द का नकोत?

मूळचा नगरचा, आता हडपसर: घरटे पाखराचे! शिवाय शीर्षकातील ‘लेडीबर्ड’चे काय करणार? लेडीबर्ड म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असलेला भुंगेरा; शेतीच्या पुस्तकांत तो ढालकिडा आहे.

अनुवादिका, कोथरूड: ‘ढालकोळी’ करून पाहिले होते, पण लाल पाठीवर काळे ठिपके फक्त नराला असतात, मादी मखमली काळी असते, आणि लेख बहुतांशी तिच्यावरच आहे.