मराठवाड्यात टर्बो ६५० नीट ट्यून करणारा जाणकार माणूस कोण आहे का?

वाळूज_६५०

नमस्कार मंडळी. संभाजीनगरचा आहे, वाळूज एमआयडीसीत टूलरूमला कामाला. माझ्याकडं २०१९ ची रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५० आहे आणि तिला टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा दाबणारा पंखा) लावलाय. किट घेतलेलं नाही, मॅनिफोल्ड स्वतः बनवलं, एसएसचा पाईप कापून टिग वेल्डिंग करून, रविवार रविवार करत दीड वर्ष गेलं. टर्बो स्विफ्ट डिझेलचा जुना आहे, भंगारातून आणला पण शाफ्टचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, मर्यादेत आहे, डायल लावून बघितलाय. बूस्ट, म्हणजे टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब, अर्धा बार, त्याच्यावर जायची इच्छा पण नाही. दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर नाही, जागाच सापडंना. कंपनीच्याच ईसीयूवर (इंजिनचा कॉम्प्युटर) पिगीबॅक बॉक्स बसवलाय, म्हणजे त्याचे सिग्नल बदलणारा जोडबॉक्स.

ट्यूनिंग मला येत नाही म्हणून डिसेंबरात एका मोठ्या शहरातल्या गॅरेजला गाडी घेऊन गेलो. डायनोवर (गाडीची ताकद मोजायचं मशीन) चार रन मारले, ७१ हॉर्सपॉवरचा कागद हातात दिला, ३५ हजार घेतले. गाडी लई भारी चालली, फेब्रुवारीपर्यंत काहीच तक्रार नव्हती. मग एप्रिलमध्ये बीडला चाललो होतो, दुपारचे तीन वाजले असतील, शहागडचा गोदावरीचा पूल ओलांडला आणि एका टँकरला ओव्हरटेक करायला चौथ्या गिअरात पूर्ण थ्रॉटल धरला, तेवढ्यात डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, दोन सेकंद आला असेल नसेल, मी थ्रॉटल सोडला पण तेवढ्यानं काम झालं होतं, मागं निळा धूर. गेवराईपर्यंत कशीबशी आणली आणि तिथून छोटा हत्ती करून घरी. कॉम्प्रेशन बघितलं तर उजवा सिलेंडर १४५ पीएसआय, डावा ६०. हेड उघडलं, डाव्या पिस्टनच्या दोन रिंगांच्या मधली कडा तुटलेली.

गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणतो पेट्रोल खराब भरलं असेल. असेल बी, पण मला पटंना. पिस्टन, रिंगा, बोअर हे मी करून घेतो, ते माझ्या हातातलं काम आहे. मला ट्यूनर पाहिजे. संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड कुठंही चालंल, नसंल तर बाहेरचा सांगा, पण ज्याला खरंच टर्बोची समज आहे असा. परत एक पिस्टन घालवायची माझी ऐपत नाही आणि खरं सांगायचं तर मनाची तयारी पण नाही.

नांदेडचा_स्वार

वाईट वाटलं भाऊ वाचून, दीड वर्षाची मेहनत म्हणजे काय ते आपल्याला कळतं.

नांदेडात तरी मला असा माणूस माहीत नाही. एक्झॉस्ट बदलला, एअर फिल्टर बदलला, त्याच्यासाठी ईसीयूत मॅप (पेट्रोल किती, ठिणगी कधी ह्याचा तक्ता) टाकून देणारे दोन-तीन जण आहेत आणि ते काम चांगलं करतात, पण टर्बोचं गणित वेगळंच असतं. नावं सुचवायच्या आधी काही विचारतो. त्यांनी रन मारताना सायलेन्सरमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर घातला होता का? लॉग फाईल, म्हणजे रनच्या वेळच्या आकड्यांची नोंद, दिली का? हवेच्या तापमानाचा सेन्सर कुठं बसवलाय, टर्बोच्या आधी का नंतर? आणि मॅप सेन्सर (हवेचा दाब मोजणारा) बदलला का कंपनीचाच ठेवला?

डावाच पिस्टन का गेला ह्याचं पण उत्तर शोधा. दोन्ही गेले असते तर सरळ म्हणता आलं असतं की सगळंच लीन, म्हणजे पेट्रोल कमी, होतं.

वाळूज_६५०

वाइडबँड होता बहुतेक, स्क्रीनवर आकडा दिसायला होता. लॉग फाईल नाही दिली, मी मागितली पण नाही. मॅप सेन्सर कंपनीचाच. हवेचा सेन्सर एअरबॉक्समध्ये जिथं होता तिथंच, म्हणजे टर्बोच्या आधी.

बीड_डायनो

दादा, तुमच्या ह्या शेवटच्या ओळीत अर्धं उत्तर आलं.

मी सहा वर्षं डायनोवर काम केलंय, आता गावाकडं शेती बघायलोय, म्हणून मला धंदा मिळावा म्हणून लिहीत नाही. जरा लांबलचक होईल, पण नीट वाचा.

हवा दाबली की तापते. एप्रिलमध्ये आपल्याकडं दुपारी ४२ डिग्री म्हणजे नेहमीचंच. ४२ डिग्रीची हवा तुम्ही अर्धा बार दाबली आणि तो जुना छोटा टर्बो ६५ टक्के कार्यक्षमतेनं चालतोय असं धरलं तर त्याच्या तोंडातून हवा जवळपास १०० डिग्रीनं बाहेर पडते. इंटरकूलर नाही म्हणजे तीच हवा थेट सिलेंडरमध्ये. डिसेंबरात २० डिग्रीला ट्यून केलं तेव्हा हीच हवा ७५ च्या आसपास होती. आणि तुमचा सेन्सर टर्बोच्या आधी बसलाय, म्हणजे ईसीयूला वाटायलंय की हवा ४२ ची आहे. त्याला ह्या १०० चा पत्ताच नाही, मग तो टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागं कशाच्या जोरावर घेणार? डिसेंबरचा मॅप एप्रिलच्या शहागडला चालवला, झालं एवढंच. पेट्रोलला दोष द्यायच्या आधी हे बघायला पाहिजे होतं.

दुसरं, मॅप सेन्सर. कंपनीचा सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंत मोजायला बनवलेला असतो. बूस्ट आला की त्याचा आकडा वर जाऊन अडकतो, ०.१ बार असो का ०.५, ईसीयूला एकच दिसतं. म्हणजे तुमचं पिगीबॅक फक्त आरपीएम आणि थ्रॉटल बघून पेट्रोल वाढवायलंय. एका ठराविक दिवशी, ठराविक बूस्टला ते जमून जातं. गिअर बदलला, चढ आला, वारा समोरून आला की बूस्ट यायची वेळ बदलते आणि अंदाज चुकतो. निदान २ बारचा सेन्सर पाहिजेच, ३ बारचा घेतला तर पुढची काळजी मिटली.

तिसरं, कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलेंडरात मिश्रण किती पट दाबलं जातं ते. ६५० चं ९.५ आहे. होंडानं १९८२ ला सीएक्स ५०० टर्बो काढली तेव्हा कॉम्प्रेशन ७.२ वर आणलं होतं. कावासाकीच्या जीपीझेड ७५० टर्बोचं ७.८. ह्या लोकांनी कारखान्यातच ही काळजी घेतली कारण त्यांना नॉकिंगची, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून पिस्टनला हादरे बसायची, भीती माहीत होती. ९.५ वर अर्धा बार चालतं, नाही असं नाही, पण मग टायमिंगमध्ये चुकीला जागा उरत नाही. तुमचा खड्यांचा आवाज म्हणजे तेच नॉकिंग. लीन मिश्रणानं पिस्टन शक्यतो वितळतो, डोक्याला भोक पडतं. रिंगांमधली कडा तुटलीय म्हणजे मार नॉकिंगचा आहे. टायमिंग जास्त आणि हवा गरम, माझा संशय तिथंच.

आता ट्यूनर कसा ओळखायचा ते सांगतो, कारण तुमचा मूळ प्रश्न तो आहे. गाडी नेण्याआधी फोनवर बोला आणि तो तुम्हाला काय विचारतो ते बघा. चांगला माणूस पहिल्या पाच मिनिटात विचारंल की इंजेक्टर किती सीसीचे, फ्युएल प्रेशर किती, सेन्सर कुठं, ऑइलची परतीची लाईन किती जाड, प्लग कोणत्या नंबरचा. "किती हॉर्सपॉवर पाहिजे" असं विचारणाऱ्याकडं गाडी नेऊच नका.

तो मिश्रण लॅम्डामध्ये बोलतो का ते बघा, म्हणजे कोणत्याही इंधनाचं नेमकं प्रमाण १ धरून. आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, मिळतं. शुद्ध पेट्रोलचा १४.७ चा (एका भाग पेट्रोलला तेवढे भाग हवा) आकडा ई-२० ला लागू होत नाही, तिथं तो साडेतेराच्या आसपास येतो. लॅम्डात बोललं की हा घोळच राहत नाही, बूस्टमध्ये ०.८० ते ०.८२, विषय संपला.

आणि डायनो कोणता ते विचारा. नुसता जड ड्रम फिरवणारा असला तर त्याच्यावर फक्त पूर्ण थ्रॉटलचा रन मारता येतो, दहा सेकंदात गाडी खालून वर जाते. तेवढ्या वेळात काही तापतच नाही. ब्रेक लावून लोड धरणारा डायनो पाहिजे, ज्याच्यावर ४००० आरपीएम आणि ०.३ बारला गाडी धरून ठेवून मॅपच्या त्या एकाच घरात टायमिंग दोन डिग्री मागं-पुढं करून बघता येतं. असं एकेक घर भरत दिवस जातो. चार रनमध्ये टर्बो ट्यून झाला असं कुणी म्हणत असंल तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही.

परभणी_रोडकिंग

ट्यूनरबद्दल मला माहिती नाही पण एक गोष्ट राहून चाललीय म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात परवानगीशिवाय बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. दंडापेक्षा मला इन्शुरन्सची जास्त धास्ती वाटते. उद्या रस्त्यात कुणाला धडकली आणि कंपनीनं क्लेम नाकारला तर घरादारावर येतं, म्हणून आरटीओत आधी विचारून घ्या.

लातूर_टर्बोप्रेमी

बीडच्या दादांनी जे लिहिलंय ते छापून भिंतीला लावण्यासारखं आहे.

मी माझ्या जुन्या गाडीला टर्बो लावून तीन वर्षं झालीत, त्यामुळं शोधाशोधीचा अनुभव सांगतो. मराठवाड्यात लोडवाला डायनो आणि टर्बोचा अनुभव हे दोन्ही एका जागी मला सापडलं नाही. पुणं, बंगळूर, कोईम्बतूर, चेन्नई ह्या बाजूला रेसिंगची जुनी परंपरा आहे, माणसं तिथंच घडलीत. नाव विचारत फिरण्यापेक्षा मी दुसरं केलं, अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस होती तिथं जाऊन उभा राहिलो. गाडी किती वेगानं गेली ते बघत नव्हतो, टर्बोच्या गाड्यांपैकी सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळे रन मारून स्वतःच्या चाकावर परत कोण जातंय तेवढंच बघितलं. अशा दोन गाड्या दिसल्या, मालकांना विचारलं मॅप कुणी केला, दोघांनी एकाच माणसाचं नाव घेतलं. नाव इथं टाकत नाही, त्याला विचारल्याशिवाय बरोबर नाही, तुम्हाला मेसेज करतो.

त्यानं माझी गाडी पहिल्यांदा परत पाठवली होती. ऑइलची परतीची लाईन बारीक होती आणि मध्ये खाली वाकून परत वर चढत होती. टर्बोतून ऑइल फक्त उतारानं खाली येतं, त्याला कुणी ओढत नाही, म्हणून लाईन जाड पाहिजे आणि सरळ उताराची. तो म्हणाला हे नीट करून या, तोवर लॅपटॉप उघडत नाही. मला तेव्हा राग आला होता, आता त्या माणसाबद्दल आदर वाटतो.

अजून एक. तुमचा टर्बो डिझेलचा आहे. डिझेलच्या एक्झॉस्टपेक्षा पेट्रोलचा एक्झॉस्ट चांगला शे-दीडशे डिग्रीनं गरम असतो. म्हणून लांब पूर्ण थ्रॉटल धरू नका आणि थांबल्यावर लगेच चावी फिरवू नका, एक-दोन मिनिटं आयडलला राहू द्या, नाहीतर बेअरिंगमध्ये ऑइल करपून बसतं.

वाळूज_६५०

सगळ्यांचे मनापासून आभार. बीडचे दादा, तुमचं लिहिलेलं तीनदा वाचलं.

काल दोन्ही इंजेक्टर काढून टेस्टिंगला नेले. डावा उजव्यापेक्षा ८ टक्के कमी पेट्रोल देतोय. म्हणजे गरम हवा आणि टायमिंगचा मार दोघांना सारखाच होता, डाव्याला वरून पेट्रोल पण कमी पडलं म्हणून आधी तो गेला. उजवा पिस्टन भिंगाखाली धरला तर त्याच्या कडेला पण बारीक खड्डे पडायला सुरुवात झाली होती. आणखी एक-दोन फेऱ्यांत तो बी गेला असता.

आता एक विचारतो, इंजेक्टर केवढे घेऊ? आणि पिगीबॅक ठेवू का स्टँडअलोन, म्हणजे मूळच्या जागी पूर्ण वेगळा, ईसीयू घेऊ?

बीड_डायनो

खड्डे दिसलेत म्हणजे नॉकिंगची खात्रीच झाली. दोन्ही पिस्टन बदला, एक ठेवू नका.

इंजेक्टरचा हिशोब साधा आहे. ७० हॉर्सपॉवर धरा, बूस्टमध्ये रिच, म्हणजे जास्त पेट्रोलवर, चालवायचं म्हणून दोन्ही मिळून मिनिटाला साधारण ४४० सीसी पेट्रोल लागतं, म्हणजे एकाला २२०. इंजेक्टर ८० टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही, म्हणून २७५. त्यात ई-२० चं वाढीव पेट्रोल धरलं की ३०० चा घ्या, आणि दोन्ही एकाच बेंचवर मॅच करून घ्या.

ईसीयू मी स्टँडअलोन म्हणंन. पिगीबॅक मूळ ईसीयूला फसवून काम करतं आणि बूस्टमध्ये ती फसवाफसवी किती दिवस चालंल सांगता येत नाही. तुम्ही टूलरूमचे आहात, वायरिंग तुमच्या हातून होईल, स्पीडुइनोसारखा ओपन सोर्स बोर्ड पण चालतो. फायदा असा की लॉग निघतो, तो ट्यूनरला पाठवता येतो, प्रत्येक वेळी अडीचशे किलोमीटर पुण्याला गाडी न्यायची गरज नाही. पण पहिला मॅप डायनोवरच करा. आणि इंटरकूलरला जागा काढा दादा, कशीही काढा, ऑइल कूलरच्या बाजूला छोटा का होईना.

वाळूज_६५०

ठरलं मग. दोन्ही पिस्टन, ३०० चे इंजेक्टर, ३ बारचा सेन्सर, हवेचा सेन्सर थ्रॉटल बॉडीच्या अगदी आधी. इंटरकूलरसाठी पुढचा ब्रॅकेट आज कार्डबोर्डचा कापून बघितला, हॉर्न बाजूला सरकवला तर बसतोय. ऑइलची परतीची लाईन माझी पण मध्ये वाकलेली निघाली, ती परत बनवतो. आरटीओत पण जाऊन विचारतो.

लातूरच्या भाऊंनी नंबर पाठवलाय, आज फोन केला. त्या माणसानं पहिलं विचारलं इंजेक्टर किती सीसीचे, मग विचारलं उन्हाळ्यात दुपारची गाडी चालवता का. मी हो म्हणालो तर म्हणाला मग मे महिन्यात या, सकाळी नाही, दुपारी बारानंतर डायनोवर चढवू.

मे मध्येच जायलोय. येताना लॉग फाईल घेऊन येतो, इथं टाकतो.