विषय: नाटकाची जागा आणि यंदाचं नाटक

प्रेषक: सांस्कृतिक समिती

नमस्कार मंडळी,

गेली सहा वर्षं ज्या शाळेच्या सभागृहात आपण गणपतीतलं नाटक करतो, तिथलं भाडं यंदापासून जवळजवळ दुप्पट झालं आहे. शिवाय तालमींसाठी आधीचे दोन दिवस मिळायचे, तेही आता मिळणार नाहीत.

कालच्या बैठकीत दोन सूचना आल्या. पहिली अशी की यंदा आपलं नाटक बंद ठेवावं आणि भारतातून दौऱ्यावर येणाऱ्या एखाद्या व्यावसायिक नाटकाचा प्रयोग घ्यावा. दुसरी अशी की लायब्ररीच्या तळघरातली खोली दर शनिवारी दुपारी फुकट मिळते आहे, तर तिथेच काहीतरी छोटं करावं. खोलीला रंगमंच नाही, पडदा नाही, विंगा नाहीत आणि छतही ठेंगणं आहे.

रविवारपर्यंत आपली मतं कळवा.

---

प्रेषक: नेपथ्यवाल्या मावशी

प्रिय मंडळी,

छत ठेंगणं आहे म्हणून ती खोली नको म्हणू नका. माझं मत दुसऱ्या सूचनेला. त्यामागचं कारण जरा लांबचं आहे, पण ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

१९७०च्या दशकात मी रुईया कॉलेजात शिकत होते. दादर स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं की भाजीबाजाराच्या गर्दीतून वाट काढत छबिलदास शाळेत जायचं आणि वरच्या हॉलमध्ये बसायचं. पडदा नाही. कधी खुर्च्या, कधी सतरंज्या. नट आपल्यापासून हातभर अंतरावर. खालून भाजीवाल्यांच्या आरोळ्या यायच्या, लोकल गेली की तिचा खडखडाट यायचा आणि नाटक त्यातूनच पुढे चालायचं. एकदा एका नटीच्या कपाळावरचा घाम मला इतका स्पष्ट दिसला की मी नकळत माझाच रुमाल हातात घेतला. शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या बाल्कनीतून तो मला कधी दिसला नसता.

हा हॉल नाटकाला मिळाला कसा, ते आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. १९६० साली विजयाबाई मेहता, नाटककार विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे अशा मंडळींनी ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था सुरू केली. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगायननेच केलं. दिग्दर्शन अरविंद देशपांड्यांचं आणि मुख्य भूमिकेत, बेणारेबाई म्हणून, सुलभाताई देशपांडे. त्या नाटकातली पात्रं कोण आहेत आठवतंय ना? गावोगाव प्रयोग करत हिंडणारी एक हौशी मंडळीच. पुढे रंगायनमध्ये मतभेद झाले आणि १९७१ साली अरविंद देशपांडे, सुलभाताई आणि अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ ही संस्था काढली. पहिलं नाटक केलं ते गिरीश कर्नाडांचं ‘तुघलक’, तेंडुलकरांच्या अनुवादात. केवढं मोठं नाटक! दरबार, पोशाख, माणसांचा ताफा. पण अशी नाटकं वर्षाला किती करणार? मोठ्या थिएटरांचं भाडं प्रायोगिक संस्थेला झेपत नव्हतं आणि चांगल्या तारखा व्यावसायिक कंपन्यांकडे.

सुलभाताई छबिलदासमध्ये शिक्षिका होत्या. त्या ओळखीतून १९७४ साली शाळेचा हॉल मिळाला. लोक ‘छबिलदास चळवळ’ म्हणतात ती इथून सुरू झाली. आणि आविष्कारने हॉल स्वतःपुरता धरून ठेवला नाही. अमोल पालेकर, सत्यदेव दुबे यांची नाटकं तिथे झाली, बाहेरच्या संस्था आल्या. पालेकरांनी बंगाली नाटककार बादल सरकारांचं ‘जुलूस’ केलं तेव्हा नट प्रेक्षकांमधूनच फिरत होते. रंगमंच नाही ही त्या हॉलची अडचण होती, त्या नाटकाने तिचाच उपयोग करून घेतला. जयदेव हट्टंगडींचं ‘चांगुणा’, तेंडुलकरांचं ‘पाहिजे जातीचे’ ही आविष्कारचीच. ‘पाहिजे जातीचे’मध्ये नाना पाटेकर होते, तेव्हा त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं.

आता आपल्याकडे बघा. सहा वर्षांपूर्वी सात जणांनी एक एकांकिका केली. गेल्या वर्षी पडद्यापुढचे आणि मागचे मिळून बावीस जण होतो. वाढ दिसते खरी. पण त्या बावीसांपैकी आदल्या वर्षीचे किती होते, मी वहीत मोजले. नऊ. बाकीचे तेरा नवे. म्हणजे आदल्या वर्षी शिकलेली माणसं गळाली आणि आपण पुन्हा ‘प्रेक्षकांकडे पाठ करू नका’ इथपासून सुरुवात केली. प्रयोग झाला, फोटो काढले, बटाटेवडे खाल्ले, की दहा महिने कुणी कुणाला भेटत नाही. आपल्याकडे तालमीची नेहमीची जागा आणि ठरलेला वार नाही, म्हणून हे होतं.

ती खोली घ्या.

मावशी

---

प्रेषक: प्रकाशयोजना करणारा

मावशी,

तुमची मेल दोनदा वाचली. गेल्या वर्षी तुम्ही मला डिमर, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायचा खटका, हळू कसा उतरवायचा ते दाखवलंत, म्हणून हे हक्काने लिहितो.

छबिलदास दादर स्टेशनजवळ होतं. लोक ऑफिस सुटल्यावर चालत यायचे. आपल्याकडे माणूस चाळीस मैल गाडी हाकत येतो, मागच्या सीटवर दोन मुलं, त्यांना भूक लागलेली. त्याला वर्षातून एकदा पोट धरून हसायचं असतं, आपल्या माणसांत बसायचं असतं, आणि त्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही. तळघरातल्या नाटकाला वीस माणसं आली तर बाकीच्या तीनशे सभासदांना आपण काय सांगणार? व्यावसायिक नाटक आणलं तर सगळे येतील आणि मंडळाच्या खात्यात चार पैसेही पडतील.

आणि आविष्कारचं पुढे काय झालं? तो हॉल कायम राहिला का?

---

प्रेषक: नेपथ्यवाल्या मावशी

अरे, बरं झालं विचारलंस.

नाही राहिला. १९९२च्या सुमारास छबिलदास सुटलं. त्याआधीच, १९८७च्या जानेवारीत, अरविंद देशपांडे गेले होते. हॉल गेला, माणूस गेला. पण संस्था माहीमला महापालिकेच्या शाळेत गेली आणि तिथे परत उभी राहिली. १९९४ साली चंद्रकांत कुलकर्ण्यांच्या दिग्दर्शनात महेश एलकुंचवारांची ‘वाडा’ नाट्यत्रयी आविष्कारने केली. ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’, तिन्ही सलग. आठ-नऊ तासांचा प्रयोग! हक्काचा हॉल सोडून आलेली संस्था हे करू शकली, कारण पंधरा-अठरा वर्षं एकत्र काम केलेली माणसं तिच्याजवळ होती.

आणि काकडे होते. ते स्टेजवर फारसे दिसायचे नाहीत. तारखा, हिशेब, पत्रं, खुर्च्या, कुणाला निरोप द्यायचा, कुणाची समजूत काढायची, हे सगळं त्यांच्याकडे. २०१९ साली ते गेले, तोवर आविष्कार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काकडेच यायचे. नाट्यसंस्थेचा इतिहास लिहिताना आपण दिग्दर्शक आणि नट मोजतो. माझ्या मते आधी असा माणूस मोजावा. आपल्याकडे तो आहे का, यावरच पुढचं ठरेल.

तुझा चाळीस मैलांचा मुद्दा मला पटतो, आणि मागच्या सीटवरच्या मुलांचा तर फारच. सुलभाताईंनी आविष्कारची मुलांची शाखा काढली, चंद्रशाला. १९८२ साली ‘दुर्गा झाली गौरी’ आलं, नृत्यं गुरू पार्वतीकुमारांनी बसवलेली, आणि रंगमंचावर पन्नासाहून जास्त मुलं. मुलं नाचतात तिथे आई-वडील, आजी-आजोबा, शेजारचे काका सगळे येतात. आपल्या शनिवारचा पहिला तास मुलांना द्या. मराठी शाळेतली मुलं घरी इंग्रजीत उत्तर देतात म्हणून आपण हळहळतो. पण गेल्या वर्षी माझी नात पुंगीवाल्याच्या गोष्टीत उंदीर झाली होती, तिने ‘पळा, पळा, मांजर आलं’ हे एकच वाक्य महिनाभर घरभर म्हटलं. आता ‘पळा’ कुठे आणि ‘पळ’ कुठे हे तिला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

दौऱ्याचं नाटक जरूर आणा, मी तिकिटं विकेन. त्यातून येणाऱ्या पैशांतून दोन स्पॉटलाइट आणि चार घडीच्या लेव्हल्स (उभं राहायचे चौथरे) घेऊ. मात्र त्याच्या बदल्यात आपलं नाटक बंद करू नका, एवढंच माझं म्हणणं. पाहुणे प्रयोग करून पुढच्या गावाला जातात. डिमर उतरवायला तुझाच हात लागतो.

मावशी

---

प्रेषक: नवीन सभासद

नमस्कार,

मी इथे मार्चमध्ये आले, अजून कुणाला नीट ओळखत नाही. नाशिकला असताना राज्य नाट्य स्पर्धेत तीन वर्षं प्रॉम्प्टिंग (नटांना विंगेतून वाक्यं पुरवणं) केलं आणि संस्थेचे हिशेब ठेवले. अभिनय येत नाही. मावशी म्हणतात तसलं काम असेल तर मला चालेल. शनिवारी मी मोकळी असते.

---

प्रेषक: सांस्कृतिक समिती

मंडळी,

सतरा मतं आली. दौऱ्याचा प्रयोग नोव्हेंबरात घेतोय आणि लायब्ररीची खोली सप्टेंबरपासून वर्षभरासाठी नोंदवली आहे. शनिवारी दुपारी दोन ते तीन मुलं, तीन ते सहा मोठे. पहिले चार शनिवार फक्त वाचन. जे नाटक बसवायचं ठरेल, त्याच्या लेखकाच्या परवानगीचं पत्र आणि मानधन आधी जाईल, मगच तालीम.

नाशिकच्या ताई, खोलीची किल्ली तुमच्याकडे देतो आहोत. हजेरीची वहीही तुम्हीच ठेवा. मावशींची जुनी वही त्या घेऊन येतील, त्यात सहाही वर्षांची नावं आहेत. जे गळाले त्यांना या आठवड्यात एकेक फोन करायचा आहे.

खोलीत खुर्च्या बाराच आहेत. प्रत्येकाने घरून एक सतरंजी आणावी.