ग्लुटामिनच्या पावडरीनं डोकं शांत होतं म्हणे!

सुदामानगरकर:
जिमच्या ट्रेनरनं भाच्याला ग्लुटामिन या अमिनो आम्लाची पावडर दिलीय. 'मामा, यानं मेंदूत गॅबा, म्हणजे मेंदू शांत करणारं रसायन, वाढतं, झोप लागते.' शुद्ध थाप! मेंदूतलं बहुतेक ग्लुटामिन तिथल्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशीच बनवतात, ट्रेनरच्या डब्यावाचून त्यांचं काही अडत नाही.

नंदानगरची ताई:
काका, पावडरीचं जाऊ द्या, पण ट्रेनरचं अर्धं बरोबर आहे. गॅबा सोडणाऱ्या चेतापेशीचा कच्चा माल ग्लुटामिनच. पेशीच्या आवरणातला स्नॅट-१ वाहक ते आत ओढतो, ग्लुटामिनेज हे एन्झाइम त्याचं ग्लुटामेट करतं, जीएडी एन्झाइमनं त्यातून कार्बन डायऑक्साइड काढला की झाला गॅबा. ॲस्ट्रोसाइट म्हणजे आपलं इंदूरचं सियागंज, ठोक माल तिथूनच यायचा.

एमवायचा विद्यार्थी:
'तिथूनच' हे मला पटत नाही. या पेशींना ईएएटी-३ हे दुसरं दार आहे, त्यातून तयार ग्लुटामेट थेट आत येतं. २००२ च्या एका प्रयोगात उंदरांमध्ये हा वाहक कमी केला, तर मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातला गॅबा घटला आणि उंदरांना फिटचे झटके आले. आमच्या मेडिकलच्या परीक्षेला फक्त ग्लुटामिनचं चक्र येतं म्हणून सगळे तेच घोकतात.

नंदानगरची ताई:
घोकत नाही हो. हाच वाहक जन्मापासून नसलेले उंदीर १९९७ मध्येच तयार केले होते. त्यांच्या लघवीतून ग्लुटामेट जात राहिलं, झटके काही आले नाहीत. मग हे मागचं दारच ना?

एमवायचा विद्यार्थी:
जन्मापासून नसलं की शरीर दुसरी सोय लावून घेतं. चालू दुकानाचं दार एकदम बंद केल्यावरच कळतं किती माल तिथून येत होता. मी २००२ च्या बाजूनं.

नंदानगरची ताई:
आणि वापरून झालेला गॅबा गॅट-१ या वाहकातून परत आत येतो, तो कोणाच्या खात्यात धरायचा?

सुदामानगरकर:
तुमची दारं तुम्हाला लखलाभ. जीएडीला बी-६ जीवनसत्त्व लागतं. टीबीचं औषध आयसोनियाझिड फार जास्त पोटात गेलं की बी-६ निकामी होतं, गॅबा पडतो, झटके येतात. तेव्हा डॉक्टर बी-६ च टोचतात. माल गोदामात पडून असतो, कारागीरच बसलेला असतो.

बाकी भाच्याला विचारलं, झोपतोस कधी? म्हणे, सराफ्याच्या खाऊगल्लीतून आल्यावर, रात्री दोन वाजता.